फुकट खेळाचें मोल

नांदेडहून सुटलेली एस. टी. लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें मागें टाकून लातूरच्या स्थानकांत उभी राहीपर्यंत तिच्यांतील कित्येक उतारू हातांतल्या मोबाइलवर मान घालून बसलेले असतात, ही गोष्ट आतां कोणास नवलाची वाटत नाहीं. कोणी बातम्या वाचतो, कोणी कीर्तन ऐकतो. परंतु पुष्कळांच्या पडद्यावर रंगीत गोळ्या जुळत असतात, सोंगट्या धांवत असतात, किंवा एखादा चिमुकला शिपाई खड्ड्यांवरून उड्या घेत असतो. तिकिटाची सुटी मोड मोजून घेणारा हा उतारू या खेळासाठीं मात्र एक छदामहि देत नाहीं. संकेतस्थळ उघडावें, चित्रावर बोट ठेवावें आणि डाव मांडावा. वर्गणी नाहीं, तिकीट नाहीं, पुष्कळदां नांव-गांव विचारणेंहि नाहीं. असा खेळ तयार करणाऱ्याचें पोट कशावर भरतें, आणि खेळणाऱ्याच्या घरांतून नेमकें काय बाहेर जातें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांत जितका व्हावा तितका होत नाहीं. तो येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं घरांत बसून फुकट खेळणें हें आपल्याकडे मुळींच नवें नाहीं. सोंगट्यांचा पट ही एके काळीं घरोघरीं आढळणारी वस्तु होती. कापडाच्या चार पट्ट्या जोडून हा पट शिवीत. प्रत्येक पट्टीवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चारी पट्ट्या मिळून ९६ घरें, आणि मधोमध एक चौक. सोंगट्या चार रंगांच्या, एकूण सोळा. फांशांनीं खेळला म्हणजे चौसर आणि कवड्यांनीं खेळला म्हणजे पचीसी, असे त्याचे भेद होते. कवड्यांच्या खेळांतील पंचवीस या दानावरून दुसरें नांव पडलें. फत्तेपूर शिक्रीच्या राजवाड्यांत तर अंगणाच्या फरशीवरच असा भला मोठा पट आंखलेला आहे. हा खेळ इंग्रजांनीं येथें पाहिला, सोपा केला, कवड्यांच्या जागीं घनाकृति फांसा आणला, आणि १८९६ मध्यें इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें गेलें. त्याला नांव दिलें ‘लूडो’. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘मी खेळतों’ असा आहे.

सापशिडीची कथा याहूनहि बोधप्रद आहे. महाराष्ट्रांत मोक्षपट नांवाचा खेळ खेळला जात असे, आणि तो पैठणजवळच्या आपेगांवच्या ज्ञानेश्वरांनीं रचला अशी लोकपरंपरा सांगते. त्यांत शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि अखेरचें घर म्हणजे मुक्ति. खेळतां खेळतां मुलास कळावें कीं क्रोधानें माणूस कोठून कोठें घसरतो. हाच पट विलायतेस जाऊन परत आला तेव्हां त्यांतला मोक्ष गळून पडला होता आणि शंभर हा आंकडा तेवढा शिल्लक राहिला होता.

या जुन्या खेळांत पुष्कळ दोष काढतां येतील. सोंगट्यांवरून भांडणें होत, पैजा लागत, आणि पैजेपायीं राज्य गमावणाऱ्या धर्मराजाची गोष्ट तर सर्वांस पाठ आहे. ऋग्वेदांतील अक्षसूक्तांतहि फांशांच्या नादीं लागून घर बुडविलेल्या माणसाचा विलाप आहे. तथापि त्या खेळांच्या ठिकाणीं एक गुण असा होता, कीं तो त्या वेळीं गुण म्हणून कोणाच्या लक्षांतहि आला नसेल. तो गुण म्हणजे डाव संपत असे. खेळावयास चौघे लागत, आणि चौघांपैकीं एकास तरी शेतावर किंवा दुकानांत जावयाचें असे. दिवेलागण होई, कंदिलांतलें रॉकेल संपत येई, स्वयंपाकघरांतून हांक येई. मग पट गुंडाळून फडताळांत ठेवला जाई. खेळाचा शेवट खेळाच्या बाहेरून येत असे, आणि त्यासाठीं कोणास मनोनिग्रह करावा लागत नसे. संगणकावरील खेळानें हळूहळू जें नाहींसें केलें तें हेंच होय.

त्याचा इतिहास फार लांबचा नाहीं. १९८४ मध्यें मॉस्को येथील संगणकतज्ज्ञ अलेक्सेइ पाजित्नोव्ह यानें वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा ‘टेट्रिस’ हा खेळ रचला. १९९० मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या ‘विंडोज’ या प्रणालीबरोबर पत्त्यांचा एकट्यानें खेळावयाचा ‘सॉलिटेअर’ देऊन टाकला, आणि कचेऱ्यांतून दुपारच्या वेळीं तो दिसूं लागला. १९९७ मध्यें नोकियाच्या हातांतल्या फोनवर वळवळणारा साप आला. यांपैकीं सॉलिटेअर आणि साप या दोहोंसाठीं वेगळे पैसे द्यावे लागत नसत, कारण ते वस्तूबरोबर आलेले होते. वस्तु विकली गेली कीं विक्रेत्याचें काम झालें. खेळणारा पुढें पांच मिनिटें खेळतो कीं पांच तास, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें.

हिंदुस्थानांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें खुलें केलें. पुढें ‘फ्लॅश’ नांवाच्या तंत्राच्या साह्यानें हजारों लहान लहान खेळ संकेतस्थळांवर मांडले गेले. ते उतरवून घ्यावे लागत नसत. पान उघडलें कीं खेळ हजर. जिल्ह्याच्या गांवीं जीं सायबर कॅफे निघालीं, तेथें तासाच्या भाड्यानें बसणाऱ्या मुलांना हे खेळ परिचित झाले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं काढून घेण्यांत आला. परंतु तोंवर नवें तंत्र तयार होतें, आणि आज तेच खेळ कोणत्याहि साध्या मोबाइलवर चालतात. त्यापूर्वींच, सप्टेंबर २०१६ मध्यें, जिओनें स्वस्त दराचें इंटरनेट बाजारांत आणलें होतें, आणि दराच्या स्पर्धेंत इतर कंपन्यांनाहि खालीं यावें लागलें. सायबर कॅफेंत तासाचें भाडें संपलें म्हणजे उठावें लागे. आतां तें बंधनहि राहिलें नाहीं.

त्याच २०१६ सालीं सोंगट्यांचा पट एक मोठा फेरा पुरा करून घरीं परतला. नवी मुंबई येथील ‘गेमेशन’ या कंपनीनें ‘लूडो किंग’ हा खेळ त्या वर्षीं काढला. तो दहा कोटींहून अधिक वेळां उतरवून घेतला गेला. २०२० च्या टाळेबंदींत, जेव्हां घराबाहेर पडणें बंद होतें, तेव्हां एका गांवांतले आजोबा आणि दुसऱ्या गांवांतले नातू यांचा डाव या पटावर मांडला गेला. खेळ फुकट, आणि कापडहि नको.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जो खेळ फुकट दिला जातो, त्याच्यामागें संगणक अहोरात्र चालू ठेवावे लागतात, चित्रकार, गणिती, प्रोग्रॅमर यांस पगार द्यावे लागतात. हा खर्च तीन वाटांनीं भरून निघतो.

पहिली वाट जाहिरातीची. खेळाच्या पानावर कांहीं जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. खेळणाऱ्यानें पान उघडलें कीं त्या क्षणीं, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच, त्या जागेचा यंत्रांमार्फत लिलाव होतो, आणि जो जाहिरातदार अधिक बोली बोलेल त्याची जाहिरात तेथें झळकते. एका वेळेस मिळणारी रक्कम अगदीं अल्प असते. परंतु समजा एका खेळाडूमागें महिन्यास अवघा एक रुपया सुटला आणि खेळाडू एक कोटि असले, तर महिन्याची प्राप्ति एक कोटि रुपये झाली. थेंबें थेंबें तळें सांचे, असा हा व्यवहार आहे. यांतून एक गोष्ट उघड होते: जाहिराती जितक्या अधिक दिसतील तितकें उत्पन्न अधिक, आणि खेळणारा जितका अधिक वेळ बसेल तितक्या जाहिराती अधिक दिसतील. सॉलिटेअर देणाऱ्यास ज्याच्याशीं कर्तव्य नव्हतें, तो खेळणाऱ्याचा वेळ आतां थेट विकावयाचा माल झाला.

दुसरी वाट खेळाच्या आंतील खरेदीची. खेळ फुकट, परंतु त्यांतील सोन्याचीं नाणीं, जादा जीव, सुंदर फांसा, हीं विकत मिळतात. बहुसंख्य लोक कधींच कांहीं घेत नाहींत. थोडे लोक पुष्कळ घेतात, आणि त्यांच्यावर बाकीच्यांचा खेळ चालतो. या थोड्यांत पुष्कळदां लहान मुलें असतात, कारण पडद्यावरचें नाणें आणि खिशांतलें नाणें यांतील अंतर त्यांच्या बुद्धीस अजून आकळलेलें नसतें. अमेरिकेंत मुलांनीं आईबापांस न विचारतां केलेल्या अशाच खरेद्यांचा प्रश्न तेथील व्यापार आयोगानें हातीं घेतला, आणि २०१४ मध्यें ॲपल कंपनीनें निदान ३ कोटि २५ लाख डॉलर आणि गूगलनें निदान १ कोटि ९० लाख डॉलर पालकांस परत करण्याचें मान्य केलें. तेथें जें घडलें तें आपल्या घरीं घडणार नाहीं असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

तिसरी वाट माहितीची. खेळणारा कोणत्या गांवीं आहे, कोणता फोन वापरतो, किती वाजतां खेळतो, कोणत्या जाहिरातीपाशीं थबकतो, या गोष्टी टिपून ठेवल्या जातात, कारण त्यांच्या साह्यानें जाहिरातीचा बाण अधिक अचूक मारतां येतो. संसदेनें २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत केला, त्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची पडताळतां येईल अशी संमति घ्यावी, आणि मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवूं नयेत, असें तत्त्व घातलेलें आहे. कायदा चांगला आहे. पण मूल वडिलांच्याच फोनवर खेळत असेल, तर पडद्यापलीकडील यंत्रास तें मूल चाळीस वर्षांचा गृहस्थच वाटावें, हें उघड आहे.

एके काळीं कवडी हें खेळाचें साधनहि होतें आणि बाजारांतलें चलनहि होतें. परंतु खेळतांना कोणती कवडी पटावरची आणि कोणती कमरेच्या कशांतली, हें प्रत्येकास ठाऊक असे. फुकट खेळांत तीच सीमारेषा पुसट होते.

वेळ हाच माल ठरल्यावर तो अधिकाधिक कसा मिळेल याचें शास्त्र तयार व्हावें यांत नवल नाहीं. या शास्त्राचें मूळ मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेंत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं कबूतरांवर दीर्घकाल प्रयोग केले, आणि १९५७ मध्यें फर्स्टर या सहकाऱ्यासह ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ठराविक टोची मारल्या कीं दाणा मिळतो असें ठरलेलें असलें, तर कबूतर दाणा मिळाल्यावर थोडें थांबतें. परंतु दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, कधीं पांचव्या टोचीला, कधीं पन्नासाव्या, तर तें न थांबतां टोंचत राहतें. अनिश्चित बक्षिसाची ही ओढ माणसांतहि आहे. रंगीत गोळ्यांच्या खेळांत कधीं एका स्पर्शानें अर्धा पडदा साफ होतो, कधीं दहा खेळ्या वायां जातात. आणि ‘एवढा एकच डाव’ असें म्हणत माणूस टोंचत राहतो.

दुसरी युक्ति जीवांची. २०१२ मध्यें निघालेल्या ‘कँडी क्रश सागा’ या खेळांत खेळाडूला पांच जीव मिळतात. हरला कीं एक जीव जातो, आणि गेलेला जीव अर्ध्या तासानें परत येतो. वरवर पाहतां हा संयमाचाच पाठ वाटेल, कारण खेळ स्वतःच थांबा म्हणतो. पण बारकाईनें पाहिलें तर ही थांबण्याची सोय नसून परत येण्याची वेळ ठरवून देण्याची सोय आहे. पांच जीव भरण्यास अडीच तास लागतात; तेवढ्या वेळानें मन पुन्हां फोनकडे धांवतें, आणि ज्याला तेवढा धीर नाहीं तो पैसे देऊन जीव घेतो. तिसरी युक्ति रोजच्या हजेरीची. सात दिवस न चुकतां आलें तर मोठें बक्षीस, एक दिवस चुकला तर पुन्हां पहिल्यापासून. एखाद्या व्रतासारखी ही हजेरी मनांत बसते. चौथी युक्ति सूचनेची. खेळ बंद असतांनाहि फोनवर घंटी वाजते, ‘तुमचा मित्र पुढें गेला’, ‘तुमची पेटी उघडावयाची राहिली आहे’. पूर्वीं खेळणारा खेळास शोधीत जाई. आतां खेळ खेळणाऱ्यास शोधीत येतो.

या सर्वांचा परिणाम कोठें जाणवतो हें पाहावयाचें तर लातूरकडे पाहावें. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नांवाशीं निगडित झालेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळें हें शहर अभ्यासाचें क्षेत्र बनलें. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथून मुलेंमुली येथें खोली घेऊन राहतात, खाणावळींत जेवतात आणि वैद्यकीय प्रवेशाच्या एका परीक्षेसाठीं दोन-दोन वर्षें घालवितात. नांदेडलाहि असेच शिकवणीवर्ग वाढले आहेत. अशा मुलाजवळ फोन नसून चालत नाहीं. घरचीं माणसें त्यावरच भेटतात, तास आणि प्रश्नपत्रिकाहि त्यावरच येतात. त्याला हांक मारणारें स्वयंपाकघर मात्र दूर राहिलेलें असतें. खोलींत तो एकटा, अभ्यासानें शिणलेला, आणि हातांत असा खेळ कीं ज्याला शेवट नाहीं.

येथें थोडें अंकगणित करावें. समजा असा मुलगा रोज अवघीं चाळीस मिनिटें या खेळांत घालवितो; जेवणानंतर वीस आणि निजण्यापूर्वीं वीस. कोणी म्हणेल, एवढा विरंगुळा नको काय? अवश्य हवा. परंतु चाळीस मिनिटें गुणिलें ३६५ म्हणजे १४,६०० मिनिटें, अर्थात् सुमारें २४३ तास. रोज सहा तासांचा अभ्यास धरला तर हा चाळीस दिवसांचा अभ्यास झाला. ज्या परीक्षेंत एक-दोन गुणांनीं क्रमांक कोठच्या कोठें जातो, तेथें चाळीस दिवसांची किंमत काय, तें त्या मुलाच्या वडिलांस विचारावें; त्यांनीं कदाचित् खोलीच्या भाड्यासाठीं जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असेल. त्याच चाळीस मिनिटांत तो मैदानावर धांवला असता, किंवा सोबत्यांशीं गप्पा मारून हंसला असता, तर तो वेळहि अभ्यासांतून गेला असता हें खरें. पण त्यानें थकवा जाऊन झोंप लागली असती. निजण्यापूर्वींच्या वीस मिनिटांची पुष्कळदां साठ होतात, आणि दुसऱ्या दिवशींच्या पहिल्या तासाला डोळे मिटूं लागतात.

म्हणून खेळणारें प्रत्येक मूल रोगी आहे असें समजणें मात्र अन्यायाचें होईल. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत, जें १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें, ‘खेळविकृति’ हा विकार नमूद केला आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळास अधिक महत्त्व येणें, आणि नुकसान दिसत असूनहि खेळणें चालूच राहणें. हें सर्व सामान्यतः बारा महिने टिकलें आणि त्यामुळें अभ्यास, काम किंवा नातीं यांची खरीखुरी हानि झाली, तरच त्यास विकार म्हणावें. बहुतेक मुलें या रेषेच्या अलीकडे असतात. त्यांस औषधाची गरज नसते. डाव संपविण्याची संवय लावावी लागते. जें मूल रेषेपलीकडे गेलें आहे असें वाटेल, त्याच्यासाठीं सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेनें तर अशा रुग्णांसाठीं २०१४ मध्येंच स्वतंत्र विभाग काढला.

आणखी एका धोक्याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. फुकट खेळ आणि पैशांचा खेळ यांचीं घरें शेजारीं शेजारीं असतात. फुकट लूडो खेळून हात बसला कीं ‘हाच खेळ दहा रुपये लावून खेळा आणि वीस न्या’ असें सांगणारा कोणी भेटतो. लूडो हा नशिबाचा खेळ कीं कौशल्याचा, हा वाद २०२१ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयापुढेंहि गेला होता. कारण जुन्या कायद्यांत नशिबाच्या खेळावर पैसा लावला तर तो जुगार, आणि कौशल्याच्या खेळावर लावला तर नव्हे, असा भेद होता. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा संमत केला आणि ज्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची सही झाली, त्यानें हा भेदच काढून टाकला. त्यानें खेळांचे तीन वर्ग केले: स्पर्धात्मक ई-क्रीडा, करमणुकीचे सामाजिक खेळ, आणि पैशांचे खेळ. पहिल्या दोहोंस उत्तेजन आणि तिसऱ्यास बंदी, असें त्याचें धोरण आहे. पैशांचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटि रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार न मानतां बळी पडलेला मानलें आहे. कायद्यावर सही होतांच अनेक मोठ्या कंपन्यांनीं आपले पैशांचे खेळ थांबविले.

पण कायद्याची भिंत कितीहि उंच असली तरी परदेशांतून चालणाऱ्या चोरट्या संकेतस्थळांना फटी सांपडतात, आणि त्यांच्या जाहिराती निरुपद्रवी दिसणाऱ्या खेळाच्या पानावरहि डोकावतात. घरच्या मुलांस एक साधी कसोटी शिकवून ठेवावी: खेळांत जिंकलेलें रुपयांत मिळेल असें सांगून जो आधीं रुपये, बँकेचा क्रमांक किंवा फोनवर आलेला सांकेतिक आंकडा मागतो, तो खेळ नव्हे. फसगत झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां सायबर फसवणुकीसाठीं असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. जितकें लवकर कळेल तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक.

आतां हे खेळ घरांतून हद्दपारच करावेत काय? तसें करणें शक्य नाहीं आणि योग्यहि नाहीं. निवृत्त माणसाच्या दुपारीं, रुग्णालयाच्या बाकावरील वाट पाहण्यांत, परगांवच्या लेकीशीं मांडलेल्या एका डावांत या खेळांनीं पुष्कळांस खरा आनंद दिला आहे. शिवाय सर्वच खेळ हांवरट नसतात. २०२१ मध्यें जॉश वॉर्डल नांवाच्या प्रोग्रॅमरनें ‘वर्डल’ हा शब्द ओळखण्याचा खेळ लोकांपुढें ठेवला. त्यांत दिवसाला एकच कोडें, सहा प्रयत्न, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत खेळ बंद. जाहिरात नाहीं, जीव विकत घेणें नाहीं. तरीहि लक्षावधि लोक त्याकडे धांवले, आणि जानेवारी २०२२ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रानें तो विकत घेतला. संपणारा खेळ लोकांना आवडत नाहीं, ही समजूत त्यानें खोटी ठरविली.

यावरून घरोघरीं करतां येण्याजोग्या कांहीं गोष्टी निघतात. पहिली, ज्याला शेवट आहे असा खेळ निवडावा: बुद्धिबळाचा एक डाव, एक शब्दकोडें, चौघांचा एक लूडो. दुसरी, खेळाकडून येणाऱ्या सर्व सूचना फोनच्या व्यवस्थेंत जाऊन बंद कराव्यात, म्हणजे खेळ आपल्याला शोधीत येणार नाहीं. तिसरी, मुलांच्या हातीं दिल्या जाणाऱ्या फोनवर खरेदीसाठीं सांकेतिक शब्द लावावा आणि तो मुलांस सांगूं नये. चौथी, एकट्यानें खेळण्यापेक्षां दुसऱ्याबरोबर खेळावें, कारण दुसरा माणूस कधीं ना कधीं उठतो. पांचवी आणि सर्वांत महत्त्वाची, खेळण्यापूर्वींच किती डाव ते मोठ्यानें बोलून ठरवावें. ‘थोडा वेळ’ म्हटलें तर तो वाढतो. ‘दोन डाव’ म्हटलें तर ते मोजतां येतात. हा नियम मुलांना लावतांना वडीलधाऱ्यांनींहि तो पाळला पाहिजे. रात्रीं जेवणाच्या ताटावर बसून स्वतः गोळ्या जुळविणाऱ्या बापानें मुलाच्या हातून फोन ओढून घेतला, तर मुलगा त्यांतून शिस्त शिकत नाहीं; बळी तो कान पिळी, एवढेंच शिकतो.

लातुरांत खोली करून राहणाऱ्या मुलाला हें कोणी सांगावें? धाकदपटशानें तें होणार नाहीं. दूर असलेल्या मुलावर धाक चालतहि नाहीं. त्याला वर सांगितलेला हिशेब समजावून द्यावा. जो मुलगा भौतिकशास्त्राचीं कठीण उदाहरणें सोडवूं शकतो, त्याला आपल्या वेळेचा लिलाव कसा होतो आणि अनिश्चित दाण्यामागें कबूतर कसें टोंचत राहतें, हें सहज कळेल. आपल्यावर कोणती युक्ति चालविली जात आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर ती निम्मीच चालते.

फुकट ते पौष्टिक, असें थट्टेनें म्हणतात. फुकट खेळ वाईट असतो असें नाहीं, परंतु तो फुकट मात्र नसतो. त्याचें मोल वेळेंत द्यावें लागतें, आणि रुपयाप्रमाणें ती रक्कम पुन्हां मिळवितां येत नाहीं. सोंगट्यांचा पट पुरेसा वेळ झाला म्हणजे कोणीतरी गुंडाळून ठेवीत असे. नव्या पटाला तशी घडी नाहीं. ती घालण्याचें काम आतां खेळणाऱ्याचें आहे, आणि खेळणारा लहान असेल तर त्याला तें शिकविण्याचें काम त्याच्या घराचें आहे.